खाडीला भरती उशिरा येते

"तू बाटल्यांना हात लावू नकोस. तुझ्या हाताला मासळीचा वास येतो. सॅम्पल नासतील."

सर हे सगळ्या लॅबसमोर बोलले. हातमोजे सगळ्यांच्याच हातात होते. माझ्याही. रबराच्या आतला वास त्यांना कुठून आला, हे मी विचारलं नाही. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर बाटलीत एकही बुडबुडा राहता कामा नये. तशी बाटली माझ्याइतकी कुणाला भरता येत नव्हती. तरी मी बाजूला झाले आणि बाटल्यांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहीत बसले.

मी कोलशेतच्या कोळ्याची मुलगी. समुद्राच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. हवा तापते तसा खाडीतला ऑक्सिजन कसा घटतो, हे माझं काम. त्या दिवसापासून घरी मासळी साफ करणं सोडलं. रोज लिंबू चोळून हात धुवायचे. राग यायला हवा होता. आला नाही. आत सगळं बधिर.

मग आमच्याच खाडीतले नमुने घ्यायचं ठरलं. भाड्याने घेतलेली होडी नेमकी माझ्या वडिलांची निघाली. सरांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ओळख द्यायची नाही, हे समजले.

"बसा म्याडम," म्हणाले.

बाप लेकीला म्याडम म्हणाला, आणि मी बसले.

सरांकडे भरतीच्या वेळांचा छापील तक्ता होता. तो समुद्रावरच्या बंदराचा, आमची खाडी तिथून बरीच आत. घड्याळ बघून ते म्हणाले, "भरती पूर्ण झाली. भरा बाटल्या."

बाबा पाण्याकडे बघत होते. "सायेब, पानी आजून चढतंय. बंदरावरची भरती आपल्याकडं उशिरा येते. जरा थांबा."

"तू होडी सांभाळ. आम्हाला शास्त्र शिकवू नकोस."

सर बाबांपेक्षा चांगले पंधरा वर्षांनी लहान. बाबा गप्प झाले. मीही गप्प. बाबांचं बरोबर होतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. इतरांनी बाटल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाण्याचा खारटपणा मोजला. भरतीच्या पाण्यात असायला हवा त्यापेक्षा बराच कमी निघाला. सर वैतागले. नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

"लिही, होडीवाल्याने चुकीच्या जागी नेलं."

जागेचे अक्षांश-रेखांश मीच टिपले होते. पेन हातात होतं. बधिरपणा गेला म्हणावं, तर तसंही नाही. फक्त हात चालेना.

"होडी बरोबर जागी होती, सर," मी म्हटलं. "वेळ चुकली. ती तुम्ही ठरवलीत. आणि ते माझे वडील आहेत."

सर म्हणाले, "मग काल का नाही सांगितलंस?"

सर माझ्याशी वागले ते एक, आणि मी बाबांशी वागले ते दुसरं. दुसऱ्याची मला जास्त लाज वाटते.

मी वहीत लिहिलं: नमुने भरती पूर्ण होण्याआधी घेतले. नाखव्याने थांबायला सांगितलं होतं. ऐकलं नाही. खाली सही केली. सर म्हणाले, पान फाड. मी फाडलं नाही.

उद्या नमुने पुन्हा घ्यायला बाबांच्याच होडीतून खाडीत जायचंय. बाटल्या मी भरणार. बाबा म्हणतील तेव्हा भरणार. आणि त्यांनी मला पुन्हा म्याडम म्हटलं, तर मी होडीत बसणार नाही.