टेलरमामांचं गवत

टेलरमामांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि एकाही गिऱ्हाइकाच्या अंगावर सुटा दोरा जाऊ दिला नाही. कोट तयार झाला की तो उजेडात धरायचा, उलटा करायचा, बाह्यांत बोटं घालून चाचपायचा आणि कुठे दोरा लोंबताना दिसला की कात्रीच्या टोकानं उडवायचा. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी मामा ढिम्म. त्यांचं खरं नाव पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दुकान बंद झाल्यावर हा माणूस दिवसभर घरात बसून मामींच्या डोक्याला ताप करणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण मामा मागच्या अंगणातल्या गुलाबांत शिरले. कलमाचा डोळा भरायला जी बोटं लागतात, ती त्यांच्याकडे तयारच होती. रानगुलाबाच्या फांदीला छेद द्यायचा, चांगल्या गुलाबाचा डोळा त्यात बसवायचा, वरून पट्टी आवळायची. दहातली नऊ कलमं जगायची. कुंडी फुलावर आली की मामा ती कुणाला तरी देऊन टाकत आणि बजावत, "मुळाभोवतीची माती अजिबात झाडायची नाही हं. तशीच लावायची. सोनं आहे ते." लोकही मान डोलवून सोनं घेऊन जात.

दोन वर्षांपूर्वी वाफ्याच्या कडेला गवताची चार पाती दिसली. गर्द हिरवी, तुकतुकीत, ताठ. मामांनी ती कात्रीनं कापली. चौथ्या दिवशी ती पुन्हा बोटभर वर आली होती. मामांना राग आला. त्यांनी खुरपं घेतलं. खणताना मातीत एक काळपट, चिवट दोरा लागला. आता सुटा दोरा बघून मामा गप्प बसणार? त्यांनी तो तोडला. पुढे आणखी लागला, तोही तोडला. मग माती सारखी केली आणि समाधानानं हात धुतले. पंधरा दिवसांत चाराची चाळीस पाती झाली.

तेव्हापासून मामांनी कंबर कसली. रोज सकाळी चहाच्या आधी खुरपं. दोरा दिसला की तोड. एकदा वाफ्यावर जाड काळं प्लॅस्टिक अंथरलं आणि कडांना विटा ठेवल्या. आठवड्यानं बघतात तो पाती प्लॅस्टिकमधून सुयांसारखी आरपार वर आलेली. मामींनी कमरेवर हात ठेवून ते पाहिलं.

"अहो, तुम्ही हे गवत काढताय की पेरताय?"

मामा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. माणूस गुणी होता, पण कामातली चूक दाखवलेली त्याला कधी खपली नाही.

याच सुमारास त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं ऑफिसातली नोकरी सोडली आणि बसनं दोन तासांवर फुलशेतीसाठी जमीन भाड्यानं घेतली. सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली. शेवटी एका वर्षावर तडजोड झाली. वर्षात बाग उभी राहिली तर ठीक, नाहीतर जमीन परत आणि लेकही परत त्या ऑफिसात. मामांनी आपली सगळ्यात देखणी साठ कलमं टेम्पोत घालून तिच्याकडे रवाना केली. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ते फाटकात उभे होते. इतका अभिमान त्यांना लेकीच्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

टेम्पो गेल्याला तीन महिने झाले आणि इकडे गवत फाटकापर्यंत पोहोचलं. मामांनी हात टेकले. मुळासकट एक ढेकूळ कागदात गुंडाळून ते बियाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर चढवून बसलेला.

"देठ बोटांत फिरवून बघा," तो म्हणाला. "गोल लागतो?"

मामांनी फिरवला. ज्या बोटांना कापडाचा पोत अंधारात कळायचा, त्यांनी ही गोष्ट दोन वर्षांत एकदाही केली नव्हती. देठाला तीन धारा होत्या.

"गवत नव्हे हे. लव्हाळा." म्हाताऱ्यानं ढेकूळ पाण्यात धुतलं. आत काळ्या गाठी निघाल्या. गाठ, दोरा, गाठ, दोरा, अशी माळच. "टोकाची गाठ जागी असते आणि ती बाकीच्यांना निजवून ठेवते. मधला दोरा तुटला की सगळ्या जाग्या होतात. मग प्रत्येकीचा वेगळा संसार. तुम्ही तोडला नाहीत ना?"

मामांनी कागदाची घडी उलगडून पुन्हा घातली.

"दाताळ्यानं माती सैल करायची," म्हातारा सांगत होता. "पाचवं पान फुटायच्या आत, दोऱ्याच्या मागोमाग जाऊन अख्खी माळ उपसायची. खतात टाकायची नाही, जाळायची. तीन-चार वर्षं लागतील. आणि त्या वाफ्यातली मूठभर मातीसुद्धा कुठे जाऊ द्यायची नाही."

मामांना टेम्पोतली साठ कलमं आठवली. ते घरी गेलेच नाहीत, तसेच बस स्टँडवर गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. शिवाय कलमं अजून कुंड्यांतच असतील, अशी एक वेडी आशा होती. दोन तास ते खिडकीशी बसून त्याच आशेला घट्ट धरून होते.

लेक बांधावरच भेटली. "बाबा! बरं झालं आलात. चला, त्या मातीवाल्यानं काय करून ठेवलंय बघा!"

गुलाब जमिनीत होते, ओळीनं, सुरेख. आणि ओळींच्या मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गर्द हिरवी, तुकतुकीत, ताठ पाती.

"रान स्वच्छ राहावं म्हणून दोनदा माती उकरायचं मशीन फिरवून घेतलं," ती म्हणाली. "तर उलट चौपट! भरावाला त्याच्याकडून लॉरीभर माती घेतली होती ना, तीच घाणेरडी. चांगला झाडला त्याला सगळ्यांसमोर. शपथा घेत होता मेला. आता इथे कुणीच त्याला काम देत नाही."

मामा उकिडवे बसले. मशीनच्या पात्यांनी किती दोरे तोडले असतील, याचा विचार करवेना. त्यांनी एक देठ बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. लेकीला कधी कळलं नसतं. तो मोह त्यांना झाला, चांगला दोन-तीन मिनिटं झाला.

"त्याची नाही ती माती," ते शेवटी म्हणाले. "माझी आहे. कुंड्यांतून आलंय हे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लेक उभ्यानं ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू ती ऑफिसात जायची तेव्हा असायचा तसा झाला.

"किती दिवसांत जाईल?"

"तीन-चार वर्षं. एकही गाठ राहिली नाही तर."

"माझ्याकडे एकच वर्ष आहे, बाबा. त्यातलेही चार महिने गेले."

आयुष्यात पहिल्यांदा मामांना आपल्या हातांची लाज वाटली.

लेक रडली नाही. तिनं आधी मातीवाल्याला फोन लावला, त्यानं तो कापला. मग शेडमधून वही-पेन आणून ती बांधावर त्यांच्या शेजारी टेकली.

"आणखी कुणाकुणाला दिल्यात कुंड्या?"

मामांनी घराशेजारून सुरुवात केली. डॉक्टरीणबाई. शाळेचं आवार. कोपऱ्यावरचे दोघे भाऊ, त्यांच्या सासुरवाडीला चार. वाचनालयाच्या दारात सहा. लेक मान खाली घालून लिहीत होती. तिनं पान उलटलं, तेव्हा मामा अजून आपल्याच गल्लीत होते.