तिजवर पक्ष आणि जाऊबाईंचे छत्तीस गुण

सत्तर वर्षं मी या मावळात काढली, नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण राजकीय पक्षाला पाटावर बसवून, पोहे खायला घालून, "जरा चालून दाखवा बघू" असं म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा नाही, छंदही नाही. ते त्यांचं श्वास घेणं आहे. आंदर मावळातल्या शेवटच्या वाडीपासून तळेगावच्या सोसायट्यांपर्यंत कुणाचा मुलगा कंपनीत कायम झाला आणि कुणाच्या मुलीने बारावीनंतर मान वर केली, हे त्यांना त्या घरच्यांच्या आधी कळतं. एकदा नदीवर कुणाच्या तरी दहाव्याला कावळा शिवायला उशीर होत होता, तेवढ्यात त्यांनी दोन सोयरिकी जमवल्या. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "मग काय, नुसतं आभाळाकडं बघत बसू व्हय?"

मतदानाच्या बाबतीत मात्र आम्ही दोघी जावा अगदी दगड. माझंच आधी सांगते, म्हणजे मग मला त्यांना हसता येईल. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत सासरचे एका बाजूला, माहेरचे दुसऱ्या बाजूला. मी सातवी पास, स्वतःला फार शहाणी समजणारी. नवी साडी नेसून गेले, कुणाचंच मन मोडायला नको म्हणून एक शिक्का सासरच्या चिन्हावर मारला, एक माहेरच्या, आणि बाहेर येऊन मतदान केंद्रातल्या मास्तरांना अभिमानाने सांगितलं सुद्धा. मास्तरांना हसू आवरेना. मला वाटलं, माझ्या हुशारीचं कौतुक चाललंय. पुढच्या खेपेला मी सुधारले, म्हणजे ज्याच्या बायकोने ब्लाउजपीस दिला त्याला मत दिलं.

जाऊबाईंना एवढंही स्वातंत्र्य नव्हतं. थोरले भावजी मतदानाच्या दिवशी चहाची बशी खाली ठेवत आणि हुकूम सोडत, "वरून तिसरं." की या निघाल्या. एका वर्षी निवडणुका लागोपाठ आल्या. ग्रामपंचायतीच्या वेळी भावजी सांगायला विसरले आणि जाऊबाई सवयीने वरून तिसरं बटण दाबून आल्या. तिसरा निघाला भावजींच्या हाडवैऱ्याचा पुतण्या, आणि तो आला एका मताने. पुढची पाच वर्षं भावजी गावातला गद्दार शोधत होते. "कोन असंल गं तो?" असं रोज विचारायचे, आणि जाऊबाई त्यांच्या बशीत चहा ओतत म्हणायच्या, "काय की बाई. लय वाईट दिवस आल्यात."

भावजी जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या निवडणुकीच्या घोषणा सुरू झाल्या तशा जाऊबाई एक कोरी वही घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "धाकटे, लिहायला बस. पन्नास वर्सं दुसऱ्याचं बटन दाबलं. ह्या टायमाला माझं मत माझं मी ठरवनार. मरायच्या आदी एकदा तरी."

"बरं, मग कोणता पक्ष?"

"ते मला काय ठावं? स्थळं बघितल्याबिगर सांगू?"

आणि मग मावळात आजवर कुठल्याही पक्षाच्या वाट्याला आली नसेल अशी चौकशी सुरू झाली. जाऊबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: आधी कुठं लग्न झालंय का? एका पक्षातून दुसऱ्यात आलेला उमेदवार म्हणजे बिजवर. दोनदा उडी मारलेला तिजवर. उमेदवारांची यादी मी वाचत होते आणि त्या बोटं मोडत होत्या. "ह्यो बिजवर. ह्यो तिजवर. ह्यो तर म्हायेरला जाऊन परत नांदायला आलेला. अगं, एक तरी कोरा पोरगा ठेवलाय का गावात?" एका पक्षाचं घराणं मोठं, पण भावाभावांत वाटण्या झालेल्या आणि खरं देवघर कुणाकडे गेलं ते कुणालाच ठाऊक नाही. दुसरा नवा, पोशाख चांगला, पण मामाकुळाचा पत्ता लागेना.

एके दुपारी त्यातल्या एका पक्षाचा कार्यकर्ता कडक इस्त्रीत दारात आला. मत मागणं दोन मिनिटांत उरकून त्याला पुढच्या घरी जायचं होतं. जाऊबाईंनी त्याला पाटावर बसवलं, पोहे दिले आणि म्हणाल्या, "जरा चालून दाखवा." बिचारा चालला. "आता वाचून दाखवा." त्याने स्वतःच्याच पक्षाचा जाहीरनामा हातात घेतला. 'सर्वसमावेशक' या शब्दापाशी तो जो अडकला तो तीनदा वाचूनही 'सर्वसमोशा'पाशीच उतरला.

"सैपाकाचं हाय व्हय कायतरी?" जाऊबाईंनी गंभीरपणे विचारलं.

"नाही मावशी, विकासाचं आहे."

"बरं. आमच्याकडं आंदर मावळात सकाळची यष्टी येती, संध्याकाळची न्हाई. सासरी गेलेली पोर माघारी कशी येनार, त्ये लिवलंय का ह्यात?"

त्याने पान उलटलं, पालटलं, पोह्यांकडे पाहिलं. जाऊबाई उठल्या, त्याच्या हातावर सुपारी ठेवली आणि आयुष्यभर शेकडो मुलीवाल्यांना ऐकवलेलं वाक्य त्याला ऐकवलं, "इचार करून कळवू आमी."

आता राहिले गुण. पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतात, तर पक्षाचेही छत्तीसच बघायचे, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, "आक्का, राजकारणात छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण." त्या म्हणाल्या, "लग्नात काय येगळं असतंय?" तर आधी जाऊबाईंची छत्तीस मतं लिहून काढायची आणि मग प्रत्येक जाहीरनाम्याशी ताडून बघायची, असं ठरलं. मी लिहायला बसले. धरणाचं पाणी, जमिनींचे भाव, कंपन्यांतली भरती, कुणावर कसा विश्वास ठेवू नये, त्या धडाधडा सांगत होत्या. दोन दिवसांत छत्तीस भरले. तिसऱ्या दिवशी मी सगळं वाचून दाखवायला लागले, तर चौथ्या मताला त्यांनी मला थांबवलं.

"ह्ये माझं न्हाई."

"अहो, तुम्हीच सांगितलंत."

"व्हय, पर ह्ये त्येंचं हाय. त्ये असंच म्हनायचे, मांडीवर थाप मारून. खोड त्ये."

मी खोडलं. मग पाचवं खोडलं, सहावं, आठवं. काही भावजींची, काही सासऱ्यांची, एक तर शेजारच्या टीव्हीचं. मी खोडत होते आणि जाऊबाई प्रत्येक रेघ वहीवर वाकून बघत होत्या. शेवटी अकरा मतं उरली. संध्याकाळची एसटी. शाळेला दोन तरी मास्तर. शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्या लोकांनी फोटोसाठी भाताच्या खाचरात पाय घालू नये. पोरीने नाही म्हटलं तर ते नाहीच धरावं. लग्नात डीजे बंद, पण बँड राहू द्यावा.

अकरा मतं घेऊन आम्ही सगळे जाहीरनामे पालथे घातले. ज्या पक्षाचे सगळ्यात जास्त जुळले, त्याचे चार गुण जुळले.

"चार गुणांवर लग्न लागतं होय, आक्का?" मी विचारलं.

जाऊबाईंनी वही मिटून मांडीवर घेतली. "माझ्या लग्नात कुनी गुन बघितलं व्हतं?" त्या म्हणाल्या. "चार तर चार. पर बघितलं मी."

मतदानाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शाळेत गेलो. माझं झालं पटकन. मग जाऊबाई आडोशाला गेल्या आणि तिथेच राहिल्या. मागची रांग चुळबुळायला लागली. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "आजी, मदत हवी का?"

आतून आवाज आला, "नगं बाबा. पन्नास वर्सं मदतच चालू व्हती."

सगळी खोली हसली. मग यंत्राचा लांबलचक आवाज आला आणि जाऊबाई पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. फाटकाबाहेर येईपर्यंत मी कसाबसा धीर धरला.

"कुणाला दिलंत?"

"न्हाई सांगनार."

"अहो, मला? सगळी वही मीच लिहिली की!"

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं की त्ये दोघींचं झालं. येवढं एक ऱ्हाऊ दे की गं माझ्या एकटीचं." आणि दोन पावलं पुढे जाऊन वळल्या. "आन तू गं?"

सकाळी घरातून निघताना माझा मुलगा चपला घालता घालता म्हणाला होता, आई, वरून दुसरं. आणि मी, दोन शिक्के मारणाऱ्या त्या खुळ्या पोरीला सगळ्यांसमोर हसणारी मी, आत गेले आणि वरून दुसरं दाबून बाहेर आले. जाऊबाईंच्या अकरांसारखी माझी स्वतःची मतं किती, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मी पण नाही सांगणार," मी म्हटलं.

जाऊबाईंचा चेहरा उजळला. "शाब्बास, धाकटे," म्हणून त्यांनी माझा हात धरला. घर येईपर्यंत तो त्यांनी सोडला नाही, आणि मलाही तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.