बाईंचे दोन ग्लास

शुद्धलेखन माझं चौथीपर्यंतचंच आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरल्यासारखं. ही वही कुणी उघडलीच तर माफ करावं.

दोन वर्षं माझं पोट दुखत होतं. डॉक्टरीणबाईंनी क्रोन नावाचा आजार सांगितला. लहान आतडं एका जागी अरुंद झालं होतं. नुसती सूज असेल तर औषधाने भागेल, जुना वण धरला असेल तर ऑपरेशन. दुर्बिणीची नळी तिथवर पोचेना, म्हणून एमआरआय करायचा ठरला. मोठ्या नणंदबाईंनी दोन बकऱ्या विकून पैसे दिले आणि सोबतही आल्या. आलापल्लीहून पहाटेच्या बसने चंद्रपूरला गेलो. मला उपाशी राहायला सांगितलं होतं, म्हणून बाईंनीही काही खाल्लं नाही.

तिथल्या सिस्टरने गोडसर पाण्याच्या बाटल्या दिल्या. तासाभरात सगळ्या संपवायच्या होत्या. आता समोरचं माणूस कोरडं बसलं असताना एकटीने प्यायची आमच्याकडे रीत नाही. मी बाईंना ग्लास भरून दिला. त्या नको नको म्हणाल्या, मी आग्रह केला. दुसऱ्या ग्लासालाही केला.

मग जोडवी, मंगळसूत्र काढून मी बोगद्यात शिरले. धाडधाड आवाज, श्वास रोखा, श्वास सोडा. थोड्या वेळाने फोटो काढणाऱ्या भाऊने मला बाहेर काढलं. आतडी फुगलीच नाहीत, सगळं पाणी प्यायलात ना, असं विचारू लागला. तेवढ्यात बाई पोट धरून संडासातून आल्या. त्यांची ती तिसरी खेप होती. त्या पाण्याने पोट सुटतं, त्यामुळे भाऊला सगळं कळलं.

"यायले काऊन पाजलं?"

"एकटी कशी पिऊ, भाऊ?"

"फोटो तुमच्या पोटाचा काढून राह्यलो, यायच्या नाई."

पुन्हा बाटल्या आल्या. मला संकोच वाटू नये म्हणून या खेपेला बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी एकटीने सगळं संपवलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई ते फोटो बराच वेळ बघत होत्या. बाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. सूजच निघाली. ऑपरेशन नाही.

औषध लागू पडलं आणि या उन्हाळ्यात मी तेंदूपत्ता तोडायला जाऊ शकले. मजुरी हाती आली तशी बकऱ्यांचे पैसे फेडायला बाईंकडे गेले. त्यांनी चहा केला, दोघींचा.

"माझ्या दोन गिलासाचे कापून घे वो," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. दोन्ही बकऱ्यांचे पैसे त्यांच्या हातात पुरे मोजून दिले.