ऑइल निथळेपर्यंत

सौंसरमध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची काही वानवा नाही. बसस्टँडवरून बाहेर पडलं की एकाला एक लागून गॅरेजं आहेत, आणि त्यातल्या निम्म्या मिस्त्र्यांना माझे वडील, बाबूजी, त्यांच्या लहानपणापासून ओळखतात. तरी बाबूजींच्या डिझेल गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं म्हटलं की ती गाडी पांढुर्ण्यालाच यायची. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले आणि थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. त्याआधी ती सौंसरच्याच एका गॅरेजात जायची आणि तिथे तिला कसलाही त्रास झाल्याचं कोणाला आठवत नाही.

माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. ज्या गोष्टीला कारण नाही तिच्यामुळे त्याचं डोकं दुखतं. पहिल्याच वर्षी त्याने बाबूजींना अगदी आदराने विचारलं, की मामाजी, एवढ्या लांब यायचं कारण काय.

बाबूजींकडे कारण तयार होतं. सारी नोकरी सरकारी कचेरीत गेल्यामुळे त्यांच्याकडे ते नेहमीच तयार असतं. "थंड ऑइल घट्ट राहते जवाईबापू," ते म्हणाले. "इंजिनाच्या बुडाशी बसून राहते. गरम झालं म्हणजे पातळ होते, सारी घाण संगं घेऊन खाली येते. सौंसरात घरून निघालो का गॅरेज आलं. इंजिन गरम व्हाले टाइमच नाई भेटत."

"मग लोधीखेड्यापर्यंत एक चक्कर मारून परत यायचं," नवरा म्हणाला.

"ते गरम वेगळं," बाबूजी म्हणाले.

पांढुर्ण्यापर्यंत येऊन झालेलं गरम कसं वेगळं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याने त्या रात्री मला उष्णता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं.

दुसरी अडचण ऑइलच्या रंगाची होती. डिझेलच्या इंजिनात नवंकोरं मधाच्या रंगाचं ऑइल ओतलं तरी ते चार दिवसांत काळं होतं. धुरातली काजळी ते आपल्या अंगावर घेतं, तेच त्याचं काम. बाबूजी मात्र रोज सकाळी बोनेट उघडायचे, ऑइलची पट्टी बाहेर ओढायचे, फडक्याने पुसून पुन्हा आत घालायचे, पुन्हा ओढायचे, आणि टोकाला आलेला थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून नाकाशी न्यायचे. मग मला फोन. "काळं झालं गं बाई. येतो आता."

"मामाजी, काळं झालं म्हणजे ऑइल काम करून राहिलं," नवऱ्याने फोन हातात घेऊन सांगितलं. हा माणूस एरवी शुद्ध बोलतो, पण सासऱ्याला पटवायचं असलं की त्याची भाषा सौंसरची होते.

"काळं झालं म्हणजे त्याचं काम झालं," बाबूजी म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडीच्या पुस्तकात जेवढं अंतर चालल्यावर ऑइल बदला म्हणून लिहिलं होतं, तेवढं ती गाडी कधीच चालली नाही. आई गेल्यानंतर बाबूजी एकटे. भाजीला पायी जायचे, शेतावर कोणाच्या तरी मोटरसायकलवर. गाडी फक्त एका कामासाठी बाहेर निघायची, ऑइल बदलायला. ऑइल बदलायला ती जेवढी चालायची तेवढ्याने ऑइल पुन्हा काळं व्हायचं, की पुन्हा बदलायला निघायची. माझा भाऊ नागपूरला असतो. तो म्हणायचा, देशातली ही एकमेव गाडी असेल जी सर्व्हिसिंगला जाण्यासाठीच जिवंत आहे. वर्षभरात ती फक्त पोळ्याच्या सुमारास यायची नाही. दुसऱ्या दिवशी गोटमारची जत्रा, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव, मध्ये नदी आणि दोन्हीकडून दगड. "काच फुटली म्हणजे," बाबूजी म्हणायचे. माणसांच्या डोक्यांबद्दल ते काही बोलायचे नाहीत.

गॅरेज आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला मिस्त्री गाडीखाली घमेलं सरकवायचा, खालचा नट सोडायचा, आणि ते काळं कढत ऑइल जाड धारेने खाली पडायला लागायचं. धार बारीक व्हायची, मग थेंब. इथे कोणताही मिस्त्री नट परत आवळतो आणि नवं ऑइल ओततो. बाबूजी तसं करू द्यायचे नाहीत. "शेवटचा थेंब पडू दे," ते सांगायचे. "घाई नको करू. मी तवर बसतो कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे आमच्या घरी.

आता इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आमच्या माहेरी बाप लेकीच्या घरी जेवत नाही. जेवत नाही म्हणजे घोटभर पाणीही घेत नाही. लेकीला मूल झालं की मग नियम सुटतो. नातवाच्या घरी आलो असं म्हणता येतं, आणि आजोबा पोटभर जेवतात. माझ्या मोठ्या आत्याकडे माझे आजोबा असेच पहिल्यांदा जेवले होते, बारशाला, आणि एवढे जेवले की दुसऱ्या दिवशी झोपूनच होते म्हणे. बहुतेक घरांत ही मुदत वर्ष-दोन वर्षांची असते. आम्हाला मूल झालं नाही. नागपूरचे डॉक्टर झाले, उपास झाले, मग दोन्ही थांबले, पण नियम काही थांबला नाही. त्यावर शेवटची तारीख कोणी घातलेलीच नव्हती. आईनेही तो पाळला. माझ्या घरचं काही न खाता ती गेली, आणि याचा मला अजूनही राग येतो, कोणावर ते ठरवता येत नाही.

तर पहिल्यांदा बाबूजी ऑइल निथळत ठेवून घरी आले, तेव्हा मी त्यांना काही विचारलंच नाही. 'नको' ऐकायची हिंमत नव्हती. ते ओसरीतल्या खुर्चीवर बसले, रुमालाने हात पुसले आणि आपणच म्हणाले, "चहा ठेव."

"चहा?" मी म्हटलं.

"मी काई तुह्या घरी नाई आलो," ते म्हणाले. "गाडीच्या कामानं आलो. कामाच्या माणसाले चहा चालते."

मी आत जाऊन चहा ठेवला आणि आधणाच्या आवाजात जरा रडून घेतलं. सरकारी माणूस नियम मोडत नाही. तो नियमातली वाट शोधतो, आणि माझ्या बापाने ती इंजिनाच्या बुडाशी शोधली होती. भेटायला आलेल्या बापाला माझ्या घरचं पाणी वर्ज्य, पण गिऱ्हाईक म्हणून खोळंबलेल्या माणसाला चहा चालतो, सोबत दोन बिस्किटं चालतात, आणि पुढे पुढे चिवडाही चालायला लागला. पोळी चालत नव्हती. मी एकदा चहासोबत भज्यांची बशी ठेवली, तर त्यांनी बराच वेळ बशीकडे पाहिलं. ते नाश्त्यात येतं की जेवणात, याचा मनात निकाल लागेपर्यंत भजी थंड झाली. निकाल नाश्त्याच्या बाजूने लागला.

नवऱ्याला मी हे तेव्हा सांगितलं नाही. त्याने ते ताडलं असावं, कारण उष्णतेवरची त्याची व्याख्यानं हळूहळू बंद झाली. मिस्त्रीला तर पहिल्यापासूनच कळलं होतं. त्याच्याकडे एकाहून एक घाईची कामं असायची, पण बाबूजींच्या गाडीचा शेवटचा थेंब कधी लवकर पडला नाही. उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं, तरी पडायला वेळ लागायचा. थंडीत तर विचारायलाच नको. तो मिस्त्री पांढुर्ण्यात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्याकडे गाडी गेली की काही ना काही निघतंच. हवा भरायला गेलेला माणूस ब्रेक बदलून येतो. त्याने कोणाला 'काही काम नाही' असं सांगितल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

निघताना बाबूजी जळकं ऑइल पत्र्याच्या डबकीत भरून घ्यायचे. त्यातलं निम्मं सौंसरला जायचं, शेतातल्या फाटकाला लावायला, आणि निम्मं माझ्या दारांना. उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही म्हणून. आमच्या घराची सगळी दारं काळी आहेत आणि पाहुणे आले की आधी वास घेतात. लेकीच्या घरून काही न्यायचं नाही, द्यायचं, असाही एक नियम आहे. तोही असा पाळला जात होता.

मग भावाने इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बाबूजींचं वय झालं, क्लच दाबताना गुडघा दुखतो, आणि दर थोड्या दिवसांनी एवढ्या लांब ऑइलसाठी जाणं त्याला त्यांच्या जिवावरचं ओझं वाटत होतं. जुनी डिझेल गाडी परस्पर देऊन टाकली. नवी पांढरी गाडी दारात आणून उभी केली तेव्हा मीही सौंसरला गेले होते. बाबूजींनी हार घातला, नारळ फोडला आणि लगेच बोनेट उघडलं. आत डोकं घालून ते पट्टी शोधायला लागले.

"यात ऑइल नसते बाबूजी," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "इंजिनच नाई ना. आता ऑइल नाई, फिल्टर नाई, काईच झंझट नाई. पांढुर्ण्याले जायची गरजच संपली तुमची."

बाबूजी बोनेटखाली वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरं झालं." बोनेट त्यांनी अगदी हळू बंद केलं.

त्यानंतर ते आले नाहीत. फोन यायचा, पण काळं झालं हे सांगायचं नसल्यामुळे फोनवर बोलायला काही उरलं नव्हतं. जेवली का, जवाईबापू कसे आहेत, ठेवतो. मी आपलं डोकं चालवून आमच्या स्कूटीचं ऑइल पुढे केलं. म्हटलं, बाबूजी, मिस्त्री मला बाईमाणूस पाहून फसवतो, तुम्ही समोर उभे असले तर बरं. त्यांनी नवऱ्याला फोन द्यायला सांगितला आणि स्कूटीत कोणतं ऑइल टाकायचं, किती टाकायचं आणि मिस्त्रीच्या हाताकडे कसं लक्ष ठेवायचं, हे त्याला इतकं बैजवार सांगितलं की यायची गरजच राहिली नाही. फोन झाल्यावर नवरा मला म्हणाला, "सरळ या म्हण ना." मी म्हटलं, सरळ म्हटलं तर नाही म्हणावं लागेल त्यांना. नाही म्हणायला लागू नये म्हणून तर एवढी वर्षं इंजिन धुतलं.

दिवाळीनंतर कधीतरी, दुपारची वेळ होती, नवरा शाळेत. फाटक वाजलं. बाबूजी उभे. पांढरी गाडी गॅरेजसमोर लागलेली दिसत होती, बोनेट बंद.

काय झालं ते मिस्त्रीने मला नंतर सांगितलं. बाबूजी त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, जरा पाहून घे. त्याने बोनेट उघडलं, पाहिलं, खाली वाकून पाहिलं. "काकाजी, यात माह्यं काईच काम नाई," तो म्हणाला. बाबूजी म्हणाले, तरी पाह्य. त्याने पुन्हा पाहिलं. काच धुवायचं पाणीसुद्धा गळ्यापर्यंत भरलेलं होतं, ते घरूनच भरून निघाले होते. "नाई काकाजी," तो म्हणाला, "खरंच नाई." ज्या माणसाने जन्मभर कोणाला खरं सांगितलं नाही, त्याला खरं बोलायला नेमकी तीच दुपार सापडली. मी त्याला फार बोलले त्यावरून. तो म्हणाला, भाभी, त्या गाडीत हात घालायची मलेच भीती वाटते, शॉक लागला म्हणजे.

तर बाबूजी फाटकाशी. आत येऊन ते खुर्चीजवळ उभे राहिले, पण बसले नाहीत. कोणत्या नात्याने बसायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही कळेना. कामाचा माणूस असता तर मी आधण ठेवलं असतं.

"काय म्हणे मिस्त्री?" मी विचारलं.

"काई काम नाई म्हणे."

"मग?"

"मंग काय," ते म्हणाले. "मले तं माहीतच होतं."

ते तिथेच उभे, हातात किल्ली. मी जन्मात विचारलं नव्हतं ते विचारलं. "जेवता का बाबूजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आता पन्नाशीला आले आहे, केस पांढरे आहेत, रंगवत नाही. त्यांनी बहुतेक तेच पाहिलं.

"वाढ," ते म्हणाले. "आता कोणाची वाट पाहाची बाई."

किल्ली खिशात टाकून ते हात धुवायला गेले. मी स्वयंपाकघरात आले आणि कपाळावर हात मारून घेतला. या जेवणाचा बेत मी लग्नापासून करत होते. पाटोडीचा रस्सा, कोथिंबिरीची सांबारवडी, उडदाचे वडे, तुपाची वाटी. कितीदा मनातल्या मनात ताट वाढलं होतं, कोणती वाटी कुठे ते ठरलेलं. आणि त्या दुपारी घरात सकाळच्या पोळ्या होत्या, वरण होतं आणि दोडक्याची भाजी. दोडकं पाहिलं की बाबूजी आईवर चिडायचे, ताट मागे सारायचे, हे आमच्या घरात शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. थांबा म्हणावं, वडे तळते म्हणावं, असं आलं मनात. पण थांबवलं तर ते विचार करतील आणि विचार केला तर उठतील, ही भीती मोठी होती. मी दोडकं वाढलं.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. चावायला वेळ लागला. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, ते त्यांच्या लक्षात आलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "आणखी आहे का?"

मी कढई ओढली आणि होतं नव्हतं ते सगळं दोडकं त्यांच्या ताटात वाढलं.