माश्यांची लांबी आणि सासऱ्यांचं मौन

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेत मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्यात. मध निघतो बेताचाच. पण माश्या झाडांचा चीक आणून पेटीच्या फटी बुजवतात ना, तो तपकिरी डिंक मामांना मधाहून प्यारा. पुस्तकात त्याला प्रोपोलिस म्हणतात. सुतार फटीत लांबी भरतो, म्हणून मामा म्हणतात 'माश्यांची लांबी'.

तिळाच्या तेलात, मेणाबरोबर वितळवून ते त्याचं मलम करतात. माझ्या टाचांच्या भेगांना त्यानं आराम पडला, हे मी कबूल करते. घसा बसला तर हरभऱ्याएवढी गोळी गालात धरायची. "चावायची बिलकुल न्हाई," असं बजावून मामा ती गावभर वाटतात.

माझ्या मुलीला पाहायला मंठ्याहून पाहुणे यायचे होते, त्या सकाळी मामांचा घसा बसला. आधीचं एक स्थळ त्यांच्या बोलण्यानंच गेलं होतं. मुलाच्या वडलांना त्यांनी विचारलं होतं, "पोरगं घोरतं का?" म्हणून घसा बसला तेव्हा मनातून मला बरंच वाटलं.

पाहुणे दारात आले आणि मामांनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. तोंड उघडून दाखवलं. त्यांची वरची कवळी निसटून खालच्या खऱ्या दातांवर चिकटून उभी! घाईत गोळी चावली गेली होती.

"आता तोंड उघडू नका मामा," मी म्हणाले. सासूबाई शेजारीच होत्या. "राहू दे दोन दिस तसंच," त्या म्हणाल्या.

मामा बैठकीत ओठ मिटून ताठ बसले. मुलाच्या वडलांनी शेतीचं विचारलं, मामांनी मान डोलावली. पावसाचं विचारलं, वर बोट केलं. शेवटी मीच म्हणाले, "आज त्यांचं मौन असतं."

"वा! कधीपासून पाळतात?"

"आजच पैला दिस," सासूबाई म्हणाल्या.

कुणीतरी मामांपुढे चहा ठेवला. नको म्हणता येईना, म्हणून ओठांच्या फटीतून त्यांनी तो ओढला. उष्णतेनं डिंक आणखी पातळ होऊन चिकटला. मामांचे डोळे मोठे झाले, पाणी आलं. मुलाच्या आईनं पदर डोळ्याला लावला. "नातीवर किती जीव आहे यांचा!" मी खाली मान घालून पोह्याच्या बशा उचलल्या. मुलगी हसू दाबायला आत पळाली. पाहुण्यांना ती लाजली असं वाटलं.

गाडी फाट्याकडे वळल्यावर मामांनीच फ्रिजकडे बोट केलं. थंडीनं डिंक कडक होऊन तुटतो, हे त्यांना पेट्या खरवडून माहीत होतं. बर्फाचा खडा तोंडात धरून ते पाच मिनिटं बसले. मग कटकन आवाज झाला आणि कवळी हातात आली.

"चहात साखर कमी व्हती," हे त्यांचं पहिलं वाक्य. गोळीनं घसाही सुटला होता, त्यानंतर जेवणापर्यंत ते थांबलेच नाहीत.

संध्याकाळी फोन आला. मुलगी पसंत होती. मुलाचे वडील म्हणाले, "आजोबांसारखं शांत माणूस पाह्यलं न्हाई. सोमवारी येतो, त्यांच्याशी निवांत बोलायचंय."

आले. मामा तीन तास बोलले. लग्न तरीही झालं.