चांदीच्या पिशवीची परीक्षा

पूर्णगडच्या खाडीवर जमाल होड्या दुरुस्त करायचा. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून झाला की होडी पाण्यात लोटायची आणि स्वतः आत बसून जेवायचं, ही त्याची रीत. भाकरी संपेपर्यंत बूड कोरडं राहिलं तर होडी पास. ओलं झालं तर मालक सख्खा मेव्हणा का असेना, "गळते" म्हणून जमाल मोकळा.

हा मेव्हणा, म्हणजे त्याच्या बायकोचा, खुर्शीदचा भाऊ, परदेशी बोटीवर खलाशी होता. पंच्याऐंशी साली त्याने एक चंदेरी पिशवी आणली. संकटात माणसाने तिच्यात गळ्यापर्यंत शिरायचं, म्हणजे अंगाची ऊब अंगातच राहते. "तुमच्या कमालच्या होडीत ठेवा," असं भाच्याच्या काळजीने तो बजावून गेला. पण वस्तू इतकी झगझगीत, की ती मासळीच्या वासात टाकायला कुणाचं मन होईना. गावाने तिला लग्नकार्याला लावलं. नवरदेवाच्या खुर्चीमागे टांगली की फोटो झकास येई. खुर्शीद कुणाला नाही म्हणत नसे.

जानेवारीत ती शेजारच्या सुरय्याच्या मुलाच्या लग्नात टांगलेली होती. वलिम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, सुरमई आणतो म्हणून एकोणीस वर्षांचा कमाल एकटाच समुद्रात गेला. लाटेने होडी अर्धी भरली, इंजिन बंद पडलं. तिसऱ्या दिवशी होडी सापडली. कमालही आतच होता. डॉक्टरांनी कारण लिहिलं, गारठा. कोकणात गारठ्याने कोण मरतो, असं गाव म्हणालं. बारा महिने घामाने भिजणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना.

खुर्शीदचा बसला. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला तरी तिचं एकच, "मी ती लग्नात दिली नसती तर?" अन्न जाईना.

शेवटी जमालने ठरवलं, पिशवी तपासायची. जन्मात पहिल्यांदा, एखादी वस्तू कुचकामी निघावी म्हणून तो दुवा मागत होता.

सकाळी अंगावरच्या कपड्यांसकट तो खाडीत बुचकळून आला. वारा बोचरा होता. दात वाजू लागले तसा तो पिशवीत शिरला. खुर्शीद घड्याळ घेऊन दगडावर बसली.

"पापलेटासारखे दिसताय," ती म्हणाली, आणि आपल्याला हसू आलं म्हणून घाबरून तिने पदर तोंडाला लावला.

पाच मिनिटांत दात थांबले. दहा मिनिटांत छातीत ऊब धरली. पंधराव्या मिनिटाला जमालच्या कपाळावर घाम आला. त्याने घाईघाईने पुन्हा दात वाजवायला सुरुवात केली.

"काय गो ही चीज! गारठून मेलो. हिच्यापेक्षा गोणपाट बरं."

"ऊब नाय?"

"अजिबात नाय. नुसती शोभेची."

खुर्शीदने पदराने त्याचं कपाळ पुसलं. तो ओला पदर तिने बराच वेळ मुठीत धरून ठेवला. मग त्याला हात देऊन बाहेर काढलं, पिशवी वाळूवर पसरून सुकवली आणि नीट घडी घातली.

"सुरय्याच्या पोराला द्या ही," ती म्हणाली. "त्याच्या होडीत ठेवू दे. आणि बजावून सांगा, कुणी लग्नाला मागितली तर द्यायची नाय."