नावाआधी लागलेला ‘लेट’

भोंगेवाल्याला जाऊन दोन महिने झाले होते. कारखान्याचा भोंगा एकतीस वर्षं त्यानेच वाजवला. अंगात ताप असला तरी पहाटे उठून निघायचा. बायको रागावली की म्हणायचा, मला उशीर झाला तर अख्ख्या गावाला उशीर होईल.

बायको शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायची. इंग्रजीशी तिचा छत्तीसचा आकडा, पण एक शब्द मात्र ती लांबूनही ओळखायची. उशिरा आलेल्या बाईच्या नावापुढे मुकादम हजेरीच्या वहीत तो लाल शाईने लिहायचा. लेट.

एक दिवस नवऱ्याच्या कारखान्यातून पाकीट आलं. उघडून बघते तर त्याच्या नावाआधी तोच शब्द. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस गेला तरी ह्यांचं बोट दाखवणं संपेना. ताटावरून उठून ती तडक तिथल्या कचेरीत गेली आणि कारकूनबाईंपुढे पत्र ठेवलं.

"ताई, हे खोटं आहे. काढा वह्या आणि एक दिवस दाखवा."

बाईंना आधी काही उमजेना. पलीकडच्या टेबलावरचा एकजण फिसकन हसला, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फायलीत तोंड खुपसून बसला. मग तिला खुर्ची देऊन समजावलं, की ह्या शब्दाचे अर्थ दोन. वहीत लिहिला तर उशिरा आलेला, नावाआधी लावला तर हयात नसलेला. तो मानानेच लावतात.

तिने पत्र पुन्हा हातात घेऊन त्या शब्दावर बोट ठेवलं.

"असेल मान. पण आमच्या गल्लीत एकच अर्थ ठाऊक आहे. लोक तोच वाचतील."

तो शब्द लावायलाच हवा असा नियम काही नव्हता, कचेरीची नुसती सवय होती. बाईंनी पत्र नव्याने टाइप केलं. नाव साधंच, खाली मृत्यूची तारीख. साहेबांची सहीही स्वतः जाऊन आणली.

मग तिने सगळं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. बाई एकेक ओळ आपल्या भाषेत सांगू लागल्या. तिसऱ्या ओळीत होतं, वेळेचा इतका पक्का माणूस आम्हाला पुन्हा मिळणार नाही.

"हे आधीच्या पत्रातही होतं?"

"होतं, मावशी."

दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच रडली. बाईंनी दार लोटून घेतलं आणि हातातलं काम बाजूला सारून तिच्याजवळ बसून राहिल्या.